गोवा, बिहार आणि फ्लू : मृत्युदरांची तुलना पायरीपायरीने

"कोविडमध्ये गोव्यात लाखामागे अडीचशेच्या वर माणसं गेली, बिहारात लाखामागे दहा. म्हणजे गोवा बिहारच्या पंचवीसपट वाईट." हे वाक्य मी डिचोलीतल्या एका लग्नात ऐकलं, फोंड्याच्या बस स्टँडवर ऐकलं आणि चवथीच्या जेवणावर आमच्याच घरी ऐकलं. त्याच पंगतीत पलीकडून दुसरं वाक्य आलं : "फ्लूनेसुद्धा दरवर्षी एवढी मरतातच की!" गंमत म्हणजे पहिल्या वाक्यातले आकडे अधिकृत नोंदीतलेच होते. फसली होती ती मांडणी.

मी बारावीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवतो. हा विषय निघाला की वर्गात दरवर्षी त्याच चुका होतात, आणि त्या भागाकारात नसतात. आकडे कागदावर घ्यायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून खालचा क्रम पाळा. मधली पायरी गाळलीत तर पुढचं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकेल.

## तयारी : कागदावर सहा रकाने

वही घ्या किंवा एक्सेल. प्रत्येक प्रदेशासाठी सहा रकाने आखा : मृत्यू, ते कोणत्या व्याख्येने मोजले, नोंद झालेले रुग्ण, लोकसंख्या, कालावधी (कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत) आणि साठीच्या वरच्या लोकांचं प्रमाण. दुसरा आणि पाचवा रकाना मुलं हमखास रिकामा ठेवतात. ते भरले नसतील तर पुढे जाऊ नका.

सरावासाठी आपण गोवा आणि बिहारच घेऊ. साथीच्या अखेरपर्यंतचे अधिकृत आकडे गोळाबेरीज असे : गोवा, सुमारे ४,००० मृत्यू, सुमारे २.६ लाख रुग्ण, लोकसंख्या सुमारे साडेपंधरा लाख. बिहार, सुमारे १२,३०० मृत्यू, सुमारे ८.५ लाख रुग्ण, लोकसंख्या सुमारे १२.३ कोटी.

सावधान : लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची घेतलीत (गोवा १४,५८,५४५) तर दोन्हीकडे तीच घ्या. एकाकडे जनगणना आणि दुसऱ्याकडे २०२१ चा अंदाज, अशी खिचडी नको. बिहारची लोकसंख्या गोव्यापेक्षा बरीच भरभर वाढते, त्यामुळे फरक लागतो.

## १. कोणता मृत्युदर, ते आधी लिहा

"मृत्युदर" हा एक शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. तिन्हींत अंश एकच, म्हणजे मृत्यू. छेद मात्र निराळे.

लोकसंख्येमागचा दर : मृत्यू भागिले सगळी लोकसंख्या. सहसा लाखामागे सांगतात.

रुग्णांमागचा दर : मृत्यू भागिले तपासणीत सापडलेले रुग्ण. टक्क्यांत सांगतात.

संसर्गामागचा दर : मृत्यू भागिले खरोखर संसर्ग झालेले सगळे, तपासणी झालेली असो वा नसो. हा थेट मोजता येत नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) सर्वेक्षणावरून काढावा लागतो.

आता वरचे आकडे घालून बघा. लोकसंख्येमागे गोवा सुमारे २५८, बिहार १०. रुग्णांमागे गोवा सुमारे दीड टक्का आणि बिहारही सुमारे दीड टक्का! एकाच कागदावरचे तेच आकडे, आणि एक दर म्हणतो पंचवीसपट, दुसरा म्हणतो सारखंच. मुलांना मी इथे पाच मिनिटं गप्प बसवतो. यातला कोणता खरा असं विचारायचं नसतं. दोघे वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. लोकसंख्येमागचा दर सांगतो की त्या समाजातली किती माणसं गेल्याची नोंद झाली. रुग्णांमागचा दर सांगतो की ज्यांना यंत्रणेने पकडलं त्यांतली किती गेली. तपासणीच कमी असेल तर दुसरा दर काहीही येऊ शकतो.

तपासा : तुमच्या वाक्यात "कोणांपैकी?" या प्रश्नाचं उत्तर आहे का? नसेल तर वाक्य अपुरं आहे.

सावधान : ०.१ टक्का म्हणजे हजारात एक, म्हणजे लाखात शंभर. टक्के आणि लाखामागचे आकडे शेजारी ठेवताना दोन्ही एका मापात आणा. ०.१ टक्क्याला "लाखात ०.१" वाचणारी शहाणी माणसं मी पाहिली आहेत.

## २. अंश सोला : मृत्यू कोणी, कुठे आणि कसा मोजला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिली गोष्ट व्याख्या. ब्रिटनमध्ये बराच काळ तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरला गेला. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले तपासणी न झालेले, नुसत्या संशयाचे मृत्यूही सुरुवातीपासून धरले, म्हणून त्यांचा दर सुरुवातीला युरोपात उठून दिसला. आपल्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या : पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू, मग तो घरी झालेला का असेना, कोविडचा धरावा. त्यानंतर भरपाईच्या अर्जांमुळे कित्येक राज्यांच्या यादीत जुने मृत्यू वाढले. केरळमध्ये ही भर मोठी होती. म्हणजे एकाच राज्याचा ऑगस्ट २०२१ चा आणि मार्च २०२२ चा एकूण आकडा वेगवेगळ्या व्याख्यांचा असू शकतो.

दुसरी गोष्ट मागाहून घातलेले मृत्यू. ९ जून २०२१ रोजी बिहारने आपला आकडा एका दिवसात ५,४५८ वरून ९,४२९ केला. आलेख बघणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी चार हजार माणसं गेली. असा उंच सुळका दिसला की आधी बातम्यांत दुरुस्ती शोधा.

तिसरी गोष्ट मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे रुग्णालयात भरतात तो नमुना ४. त्यात पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात : वर थेट कारण, खाली त्यामागचं मूळ कारण. दुसऱ्या भागात मधुमेह, रक्तदाब यांसारखे जोडीचे आजार. समजा लिहिलं आहे : अ) तीव्र श्वसनविकार, ब) न्यूमोनिया, क) कोविड-१९, आणि दुसऱ्या भागात मधुमेह. मोजणीत हा मृत्यू कोविडखाली जातो, कारण मूळ कारण सर्वांत खालच्या ओळीतलं. "तो तर डायबिटीसने गेला" म्हणणाऱ्याला हा कागद दाखवा. मात्र डॉक्टरने घाईत "हृदयक्रिया बंद पडली" एवढंच लिहून ठेवलं तर तो मृत्यू कुठल्याच साथीत मोजला जात नाही.

आणि गोवा-बिहार तुलनेचं गुपित इथेच आहे. देशभरात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारण लागलेलं होतं. गोव्यात जवळपास प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला ते लागतं. बिहार या यादीत तळाशी असतो. ज्या राज्यात बहुतेक मृत्यू घरी होतात आणि कारणाच्या जागी काहीच नसतं, तिथला "कोविड मृत्यू" हा आकडा रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचाच.

तपासा : अंश पटतो का, हे पाहायला एक रांगडी चाचणी आहे. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्यांपैकी देशात ६७.६ टक्के, बिहारात ७५.९ टक्के आणि केरळात ४४.४ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. त्यातली काही लसीची. बिहारसाठी उदार मनाने अर्धी वजा करा : तरी सुमारे चार कोटी संसर्ग उरतात. त्यातले साठीवरचे ७.४ टक्के, म्हणजे तीसेक लाख. लस न घेतलेल्या पासष्टीच्या माणसाला संसर्ग झाला तर मृत्यूचा धोका अभ्यासांत साधारण १.४ टक्के आला आहे. तो लावला तर नुसत्या म्हाताऱ्यांचेच चाळीस हजारांच्या वर मृत्यू निघतात. नोंद होती दहा हजारांच्या आत. गणित ढोबळ आहे, दोनाचे तीन होतील, पण चारपट तूट ढोबळपणाने भरून निघत नाही.

## ३. छेद सोला : ही माणसं इथलीच का?

आमच्या मावशीचं घर बांद्याला. आजार वाढला की तिकडची माणसं कुडाळ किंवा ओरोसला जाण्याआधी पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात येतात. दोडामार्ग, सावंतवाडी, कारवार, सगळीकडची तीच तऱ्हा. मावशीचे यजमान बांबोळीला वारले आणि मृत्यूचा दाखला गोव्यातून निघाला, कारण आपल्या कायद्यात जन्ममृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते. माणूस सिंधुदुर्गाच्या लोकसंख्येत, मृत्यू गोव्याच्या रजिस्टरात.

छोट्या राज्याला हे जड जातं. चाळीस-पन्नास बाहेरचे मृत्यू महाराष्ट्राच्या बारा कोटींत दिसतही नाहीत. गोव्याच्या साडेपंधरा लाखांत ते लाखामागे तीन होतात. तालुक्यांची तुलना करणार असाल तर रुग्णालय ज्या तालुक्यात आहे त्याचा दर फुगलेला दिसणारच. बांबोळी ज्यात येते त्या तिसवाडीकडे बोट दाखवण्याआधी राहण्याच्या पत्त्यानुसार केलेली यादी मिळते का ते बघा. रजिस्टरात मृताचा कायमचा पत्ता असतो.

उलट बाजूही असते. खाणी, बांधकामं, हॉटेलं यांतले परराज्यांतले कामगार गोव्यात राहतात. २०२० च्या टाळेबंदीत त्यातले कितीतरी गावी परतले. त्या काळापुरता छेदच हलला.

रुग्णांचा छेद वापरत असाल तर त्याच काळात तपासलेल्यांपैकी किती टक्के पॉझिटिव्ह आले तेही लिहा. मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात तपासलेल्या दर दोघांत एक पॉझिटिव्ह येत होता. याचा सरळ अर्थ, तपासणी मागे पडली होती आणि न तपासलेले रुग्ण बाहेर पुष्कळ होते. अशा महिन्याचा रुग्णांमागचा दर कुठल्याही शांत महिन्याशी ताडून बघू नका.

## ४. काळ जुळवा

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आकड्यांसकट सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये रोजचे मृत्यू भागिले रोजचे रुग्ण करून मी काकांना फोनवर म्हणालो, "या लाटेत दर कमी दिसतो, घाबरू नका." तीन आठवड्यांनी तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

झालं असं, की लक्षणं दिसल्यापासून मृत्यूपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. सोपा हिशोब करू (आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले) : आठवड्याला रुग्ण दुप्पट होतात, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००. एकूण १५,०००. मृत्यू दोन आठवड्यांनी येतात आणि खरा दर दीड टक्का आहे. चौथ्या आठवड्याअखेर मृत्यू झालेत ते पहिल्या दोन आठवड्यांतल्या ३,००० रुग्णांपैकी, म्हणजे ४५. भागाकार करा : ४५ भागिले १५,०००, उत्तर ०.३ टक्के. खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याला! लाट ओसरताना हाच हिशोब उलटा फिरतो आणि दर खऱ्याहून जास्त दिसतो.

म्हणून एक तर आख्खी लाट संपल्यावर भागा, किंवा आजच्या मृत्यूंना दोन-अडीच आठवड्यांपूर्वीच्या रुग्णांनी भागा.

सावधान : एका प्रदेशाची लाट चढती आणि दुसऱ्याची उतरती असेल तर एकाच तारखेचे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे एकाची सहामाही आणि दुसऱ्याची वार्षिक परीक्षा ताडणं.

लाटा एकत्र कालवू नका. डेल्टाची २०२१ ची लाट लसीकरण जेमतेम सुरू असताना आली, ओमायक्रॉनची जानेवारी २०२२ ची लाट बहुतेक प्रौढांना लस मिळाल्यावर.

## ५. वयाचा हिशोब

लस नसतानाच्या कोविडमध्ये संसर्गामागचा धोका वयाप्रमाणे कसा चढतो बघा : पंचविशीत सुमारे ०.०१ टक्के, पंचावन्नाव्या वर्षी ०.४, पासष्टाव्या वर्षी १.४, पंचाहत्तराव्या वर्षी ४.६, पंच्याऐंशीला १५ टक्क्यांच्या आसपास. हे पाहिल्यावर म्हाताऱ्या आणि तरुण समाजाचे दर तसेच्या तसे ताडण्यात अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत साठीवरचे लोक केरळात १२.६ टक्के, गोव्यात ११.२, बिहारात ७.४.

दुरुस्ती अशी. दोन्हीकडे वयोगटानुसार दर सारखेच आहेत असं धरा, समजा साठीखाली लाखामागे २० आणि साठीवर ६०० (पुन्हा, हिशोबापुरते). मग

गोवा : ८८.८ टक्के × २० + ११.२ टक्के × ६०० = सुमारे ८५
बिहार : ९२.६ टक्के × २० + ७.४ टक्के × ६०० = सुमारे ६३

रोगाने दोन्हीकडे अगदी सारखं वागूनही वयामुळे गोव्याचा आकडा सुमारे १.३५ पट होतो. आता मूळ आकडे आठवा : २५८ आणि १०. वय पंचवीसपटीतलं फारच थोडं समजावून देतं. उरलेलं बहुतेक दुसऱ्या पायरीवरून, मोजणीतून येतं. "गोव्यात म्हातारी माणसं जास्त ना, म्हणून" हे उत्तर त्यामुळे अर्धवट आहे, चूक नसलं तरी.

## ६. फ्लूशी तुलना : अंदाजाला अंदाज, मोजणीला मोजणी

इथे दोन्ही बाजूंचे लोक घसरतात.

एक बाजू अमेरिकेचा आकडा आणते : फ्लूने वर्षाला बारा ते बावन्न हजार मृत्यू. पण ती मोजलेली प्रेतं नव्हेत, गणिती प्रतिमानातून काढलेला अंदाज आहे. तिथे मृत्यूच्या दाखल्यांवर फ्लू म्हणून नोंदलेले मृत्यू २०१३ ते २०१९ या हंगामांत ३,४४८ ते १५,६२० एवढेच होते. कोविडचे आकडे मात्र मोजलेले. अंदाजाचा फ्लू आणि मोजलेला कोविड शेजारी ठेवला की कोविड उगाच किरकोळ दिसतो.

दुसरी बाजू आपल्याकडचे मोजलेले फ्लूचे मूठभर मृत्यू घेते आणि कोविड हजारपट ठरवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या पावसात फ्लू जोरात असतो, पण थंडी-ताप आलेल्या किती जणांची फ्लूची तपासणी होते? डॉक्टर डेंगी बघतात, लेप्टो बघतात. फ्लूने गेलेला म्हातारा "न्यूमोनिया" म्हणून नोंदला जातो.

आणि तिसरा सापळा, आपल्याच देशातला. २०१५ मध्ये भारतात स्वाइन फ्लूचे ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. भागा : सात टक्के! मग स्वाइन फ्लू कोविडच्या चौपट-पाचपट घातक होता का? नव्हता. सरकारी सूचनांप्रमाणे रुग्णांचे अ, ब, क गट होते. अ आणि ब गटातल्या, म्हणजे घरी बऱ्या होणाऱ्यांची तपासणीच करायची नव्हती. तपासले जात ते क गटातले, दम लागून भरती झालेले. छेदात फक्त अत्यवस्थ माणसं घेतली तर सर्दीही जीवघेणी ठरेल.

मग बरोबर तुलना कशी करायची? जगाच्या पातळीवर दोन्हीकडचे अंदाज घ्या. जागतिक आरोग्य संघटना हंगामी फ्लूचे श्वसनाचे मृत्यू वर्षाला २.९ ते ६.५ लाख धरते. कोविडकाळासाठी तिचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज २०२० आणि २०२१ मिळून सुमारे १.४९ कोटी, म्हणजे वर्षाला पाऊण कोटीच्या जवळ. फ्लूच्या साधारण अकरा ते सव्वीस पट. यात टाळेबंदीमुळे उपचार न मिळालेलेही येतात, ते वाक्यात सांगा. शिवाय हे मास्क, टाळेबंदी वगैरे सगळं असताना. त्याच उपायांनी २०२०-२१ च्या हंगामात फ्लू जगभर जवळपास दिसेनासा झाला होता.

तपासा : "फ्लूचा ०.१ टक्का" हा प्रसिद्ध आकडा लक्षणं असलेल्या अंदाजित रुग्णांमागचा आहे. त्याच्यासमोर कोविडचा रुग्णालयातल्या रुग्णांमागचा दर ठेवला असेल तर खोडून टाका.

## ७. अतिरिक्त मृत्यू : कारण न विचारता मोजा

वरच्या पायऱ्यांत अंश डळमळीत निघाला असेल (बहुधा निघतोच), तर कारण सोडून द्या आणि सगळे मृत्यू घ्या. मागच्या पाच वर्षांच्या, २०१५ ते २०१९ च्या, त्याच महिन्याची सरासरी काढा आणि साथीच्या महिन्यातून वजा करा. समजा गावात मे महिन्यात सरासरी ४० मृत्यू नोंदले जात आणि मे २०२१ मध्ये ७० झाले. अतिरिक्त ३०, म्हणजे ७५ टक्के जास्त. टक्केवारीत सांगितलं की लहान-मोठी गावं ताडता येतात. नेहमीचा फ्लू त्या ४० मध्ये आधीच बसलेला असतो, त्यामुळे हा आकडा फ्लूच्या वरचाच असतो.

दोन ठिकाणी ठेच लागते. नोंदणी सुधारत गेली तरी मृत्यू वाढल्यासारखे दिसतात : देशात नोंदलेले मृत्यू २०१८ मध्ये ६९.५ लाख होते, २०१९ मध्ये ७६.४ लाख, आणि तेव्हा साथ नव्हती. २०२० मध्ये ८१.२ लाख, २०२१ मध्ये १.०२ कोटी. आधीचा चढ वजा न करता सगळी वाढ कोविडच्या माथी मारू नका. जुनी-जाणती नोंदणी असलेल्या गोव्यात हा त्रास कमी.

दुसरं, मृत्यूची तारीख घ्या, नोंदणीची नव्हे. नोंदवायला २१ दिवस असतात, टाळेबंदीत तर त्याहून उशीर झाला. रजिस्टरात दोन्ही तारखा दोन वेगळ्या रकान्यांत असतात. घाईत नोंदणीच्या तारखेचा रकाना उतरवून घेतलात तर एप्रिलचे मृत्यू जूनमध्ये जाऊन बसतात.

## ८. लहान जागा, लहान आकडे

काणकोण तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४५ हजार. समजा तिथे एका महिन्यात ९ मृत्यू झाले आणि पुढच्या महिन्यात ४. दर लाखामागे २० वरून ९ वर. "निम्म्याहून खाली!" असा मथळा लगेच तयार. थांबा. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार साधारण आकड्याच्या वर्गमुळाच्या दुपटीएवढा धरतात : ९ चं वर्गमूळ ३, त्याची दुप्पट ६. म्हणजे नशिबाच्या खेळानेच हा आकडा ३ ते १५ मध्ये कुठेही पडू शकतो, आणि ४ त्याच्या आत आहे. काही बदललं असं म्हणता येत नाही. असे तालुके महिन्याने न बघता सहा महिन्यांनी बघा, किंवा दोन शेजारचे तालुके एकत्र करा. आमच्या वर्गातल्या एका मुलीने पेडणे, सत्तरी आणि काणकोण यांचे महिनावार आलेख काढून भिंतीवर लावले होते. करवतीच्या दातांसारखे. तिने तेच आकडे सहामाहीने मांडले तेव्हा तिन्ही रेषा मे २०२१ असलेल्या सहामाहीत एकदम वर गेल्या आणि बाकी ठिकाणी जवळपास सपाट राहिल्या.